मलप्पाच्या बारा सायकली

लातूर जिल्हा होऊन अजून वर्ष भरायचं होतं तेव्हाची ही गोष्ट. नव्या कलेक्टर कचेरीत मी नवा कारकून होतो आणि कचेरीच्या वाटेवर मलप्पाचं सायकलचं दुकान होतं. हात कुशल, तोंड त्याहून कुशल. बिघडलेली सायकल आपल्याला बघूनच निम्मी नीट होते, असं तो गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा. मला त्याचा राग यायचा, कारण बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

त्याची बहीण रत्नम्मा मुखेडच्या अलीकडे एका वाडीत दिली होती. तिथल्या बारा मुली सातवी पास होऊन बसल्या होत्या, त्यात तिची शिवगंगाही. हायस्कूल मुखेडला, चार मैलांवर. एसटीचा भरवसा नाही. दुष्काळाचं दुसरं वर्ष, बैलगाडी जुंपायला बैलच उरले नव्हते. वाडीचे जाणते लिंबाजी पाटील यांनी निकाल देऊन टाकला होता: गेल्या तर बाराही जातील. रस्त्यानं एकटीदुकटी जायची नाही. एक जरी अडली तरी साऱ्या घरी.

मलप्पानं हे ऐकलं आणि दुकानात जाहीर केलं, बारा सायकली मी नेऊन देतो. झालं, आमचं मित्रमंडळ कामाला लागलं. अडगळीत पडलेल्या सायकली घरोघर जाऊन मागितल्या. मलप्पानं दोन महिने खपून त्यांच्या सरळ दांड्या कापल्या आणि खाली वाकवून जोडल्या, म्हणजे परकरातल्या मुलीला बसता यावं. सीट उतरवल्या, घंट्या लावल्या, प्रत्येकीवर मुलीचं नाव घातलं. टेम्पो करू म्हटलं तर त्याला तो अपमान वाटला. सायकल चालवत न्यायची असते, साठ मैल म्हणजे काय लई न्हाई, म्हणाला.

एका रविवारी पहाटे आम्ही बारा बाप्ये बारा लेडीज सायकलींवर निघालो. सीट इतक्या खाली की प्रत्येक फेरीला गुडघे हँडलला लागत. चाकूरला चहाला थांबलो, तर हॉटेलवाल्यानं विचारलं, "बायका मागून चालत यायल्यात काय तुमच्या?" मी कलेक्टर कचेरीचा माणूस, मान खाली घालून चहा प्यायलो. मलप्पानं चहाला हात लावला नाही. लिंगपूजा झाल्याशिवाय तो पाण्याचा थेंबही घेत नसे आणि पहाटेच्या घाईत पूजा राहिली होती. वाटेत एखाद्या देवळात निवांत करायची म्हणून पूजेपुरतं पाणी पितळेच्या छोट्या गडव्यात फडक्यानं बांधून त्यानं बरोबर घेतलं होतं.

बारा वाजता, उन्हाच्या ऐन भरात, शिवगंगाचीच सायकल बसली. ट्यूब काढली, हवा भरली, कानाला लावली. वारा इतका की काही कळेना. भोक शोधायला ट्यूब पाण्यात बुडवावी लागते, आणि पाणी कुठं होतं? समोरच्या गावात टँकरपाशी बायकांची रांग लागलेली. त्यांच्याकडे पंक्चरसाठी पाणी मागायला आमच्यातल्या एकाचीही जीभ उचलली नाही. सायकल इथंच ठेवू, उद्या आणू, असं कुणीतरी म्हणालं. मलप्पानं ऐकलंच नाही. बारा म्हणजे बारा.

त्यानं गडवा सोडला आणि ओंजळीतून थोडं थोडं पाणी ट्यूबवर फिरवलं. पाणी संपत आलं तेव्हा कुठे बुडबुडा दिसला. मी न राहवून म्हटलं, अरे, देवाचं पाणी होतं ते.

"लिंग माझ्या गळ्यातच हाय," मलप्पा म्हणाला. "त्यानं बघितलंय सगळं."

पुढचा सारा रस्ता तो कोरड्या तोंडानं चालवत आला. मला त्या दिवशी त्याचा पहिल्यांदा अभिमान वाटला.

पाच वाजता वाडीत पोचलो. रत्नम्मानं भावाला आधी पूजेला पाणी दिलं, मग आम्हाला ताक. सायकली देवळापुढे ओळीनं लावल्या. लिंबाजी पाटलांनी प्रत्येक सायकल काठीनं तपासली, मान डोलावली आणि म्हणाले, बस गं सिंधु, चालवून दाखव. सिंधु म्हणजे त्यांची नात. ती आजोबांकडे बघत राहिली. बाकीच्या अकरा आमच्याकडे बघत राहिल्या.

एकीलाही सायकल येत नव्हती.

दोन महिने दांड्या कापल्या, नावं रंगवली, पण ही गोष्ट आम्हा बारा शहाण्यांच्या डोक्यात आली नव्हती. सायकल काय, चालता येतं तशीच येते, अशी आमची समजूत. मलप्पानं शिवगंगाच्या सायकलची घंटा उगाच दोनदा वाजवली. शाळा पुढच्या सोमवारी ना, आठ दिवस लई झाले, असं म्हणून तो तिथंच राहिला. आम्ही एसटीनं परतलो. दुकानाला कुलूप.

मला चैन पडेना. सोमवारची रजा टाकून मी पुढच्या रविवारी वाडीत गेलो. तळं आटून पडलेलं, त्याच्या टणक तळावर मुली भराभर सायकली फिरवत होत्या. दुष्काळाचा तेवढाच उपयोग. सिंधु तर मागे दुसरीला बसवून फेऱ्या मारत होती. पण शिवगंगा दोनदा जोरात आपटली होती आणि तिनं भीती घेतली होती. मामानं समजावलं, धाक दाखवला, शेवटी हात जोडले. पोरगी सीटवर बसली की पाय जमिनीवरून उचलायचीच नाही.

सोमवारी सकाळी अकरा मुली दप्तरं घेऊन सायकलींपाशी उभ्या होत्या. शिवगंगा आईच्या पदराआड रडत होती. माझ्याच भाचीपायी साऱ्या अडल्या, असं म्हणत मलप्पा देवळाच्या पायरीवर बसला. तेवढ्यात पाटील आले. त्यानं उठून हात जोडले आणि कबूल केलं की अकराच तयार झाल्या, बारावी न्हाई जमली.

पाटील काही बोलायच्या आत सिंधु सायकल घेऊन रत्नम्मापाशी गेली. तिनं शिवगंगाचा हात धरून तिला आपल्या मागे बसवलं, दप्तर तिच्या मांडीवर दिलं आणि पायडलवर पाय ठेवला. मग तिनं आजोबांकडे पाहिलं.

"बघतीस काय? निघा," पाटील म्हणाले. मग मलप्पाकडे वळले. "मी पोरी मोजल्या होत्या रं, सायकली न्हाई."

अकरा सायकलींवरून बारा मुली मुखेडच्या रस्त्याला लागल्या. मलप्पा तोंडाला फडकं लावून हमसून हमसून रडला आणि त्याला रडताना पाहून मीही रडलो.