आईने निवडलेला निळा

बाबांची जुनी गाडी मी घरीच रंगवायला काढली. मूळ रंग कधीच खरवडून बाबांनी तिला पांढरी केली होती. ते गेले, लग्नातला फोटो काळापांढरा. आईला सायखेड्याहून सासरी आणलं ते ह्याच गाडीतून, त्यामुळे तो रंग आता फक्त तिला ठाऊक.

“फिका निळा गं. सकाळी गोदेत आभाळ दिसतं ना, तसला.”

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायची, “आधी गाडी होऊ दे, तिच्यातूनच जाईन दवाखान्यात.”

मेनरोडच्या रंगवाल्याकडून मी डब्यांच्या झाकणांवर नमुने आणले. आईने पहिलंच झाकण उन्हात धरलं. “पिवळट आहे.”

“आई, ह्यात पिवळा थेंबभरही नाही!”

“तू होतीस का तेव्हा?”

झालं! मी पुढचं झाकण तिच्या हातात दिलं. सातव्या झाकणाला ती हसली.

धूळ उडू नये म्हणून अंगणात पाणी शिंपडलं, भोवती ओल्या चादरी टांगल्या. फवाऱ्याचं निळं धुकं हळूहळू उतरत होतं. हात एका लयीत जात-येत होता आणि मला वाटत होतं, चादरीपलीकडे तरुण बाबा उभे आहेत, नवरीला घ्यायला निघालेत. किती वेळ गेला कळलंच नाही. पापण्यासुद्धा निळ्या झाल्या होत्या.

मग एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, आम्ही दवाखान्याच्या फाटकाशी उभ्या केलेल्या गाडीजवळ आलो आणि आई थबकली.

“अगं बाई! एवढा भडक?”

माझं डोकंच फिरलं. “तूच निवडलास ना! तीन महिने राबलेय मी!”

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, “तुझे केस कधी गं एवढे पिकले?”

माझा राग कुठल्या कुठे गेला. घरी आल्यावर मी फडताळातून तिने ‘पिवळट’ म्हणून नाकारलेलं पहिलं झाकण काढून तिच्या हातात दिलं. तिने ते उन्हात धरलं.

“हाच गं. ह्यांनी दार उघडून धरलं होतं, तेव्हा मी वर बघितलंच नाही. खाली मान घालून नुसतं दार बघितलं.”

डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, रडायचं नाही. ती रडली. मी गाडी घासायचा पॉलिश पेपर पुन्हा भिजत घातला.