तोंडातले खिळे

आमच्या नाटक कंपनीच्या सुताराला सगळे हुंकारकाका म्हणत. काम करताना ओठांत सहा-सात खिळे धरायची त्यांची सवय. एकेक काढायचा, ठोकायचा. बोलायची वेळ आली तर दात आवळूनच.

"काका, दार लागत नाही."

"हूं."

"प्रयोग सातला आहे, काका!"

"हूं!"

या दोन हूंमधला फरक आम्हा जुन्या मंडळींनाच कळायचा. त्यांनी बांधलेल्या जिन्यांवरून मी पंचवीस वर्षं धावले, त्यांच्या खिडक्यांना डोकं टेकून रडले, पण पायाखालची फळी एकदाही करकरली नाही.

नव्या नाटकासाठी दुमजली घर उभं करायचं होतं. थिएटरच्या मागच्या अंगणात फळ्या मातीत पसरल्या होत्या. त्यांतल्या एका फळीतून वर आलेला खिळा चप्पल फोडून काकांच्या टाचेत घुसला. त्यांनी पाय उपसून घेतला, जखमेवर तांब्याभर पाणी ओतलं आणि चिंधी बांधली. आमचे कपडे शिवणाऱ्या वहिनी, म्हणजे काकांची बायको, मशीन सोडून धावत आल्या.

"अहो, इंजेक्शन घेऊन या. दवाखाना समोर तर आहे."

"लहानपणी घेतलंय की."

मॅनेजरने पकडीने खिळा उपटून उजेडात धरला. "वहिनी, हा बघा, नवा कोरा! कालच पुड्यातून काढलाय. धनुर्वात गंजलेल्या खिळ्याने होतो."

आणि मी? मी दारातून म्हणाले, "खिळ्याला घाबरला तो सुतार कसला!"

सगळे हसले, टाळीही पडली. जन्मभर खूप टाळ्या घेतल्या. तेवढी एक परत करता येत असती, तर कधीच केली असती.

आठव्या दिवशी रंगीत तालीम होती. काका जिन्यावर उभे. मॅनेजरने खालून विचारलं, "जिना हलतोय का?"

"हूं."

"म्हणजे हलतोय की नाही?"

"हूं."

"अहो, तोंडातले खिळे काढा आणि धड बोला!"

काकांनी ओठ विलग केले. तोंडात एकही खिळा नव्हता. दात घट्ट बसलेले, गाल ताणलेले, जणू हसताहेत. डोळे मात्र घाबरलेले. वहिनी पुढे झाल्या. "कालपासून घास चावता येत नाहीये. मान आखडलीय म्हणत होते." म्हणजे आदल्या दिवसापासून हा माणूस आमच्यासमोर मदत मागत होता, आणि आम्ही त्याच्या प्रत्येक हूंला होकार समजून पुढचं काम सांगत होतो!

रुग्णालयात त्यांना अंधाऱ्या खोलीत ठेवलं. कुणी दार आपटलं तरी त्यांचं अंग धनुष्यासारखं ताठायचं. आयुष्यभर हातोडा चालवलेल्या माणसाला चमचा पडल्याचा आवाज सोसवेना. वहिनी महिनाभर बाहेरच्या बाकावर बसून होत्या. काका जगतील की नाही, हे कुणी सांगेना.

मॅनेजरने तिथेही आपलं ज्ञान पाजळलं. "पण डॉक्टर, खिळा गंजलेला नव्हता हो!"

डॉक्टरीणबाई भडकल्या. "गंजाचा काय संबंध? याचे जंतू मातीत, धुळीत, शेणात असतात. खिळा सोन्याचा असता तरी मातीतलाच ना? खोल जखमेत हवा पोचत नाही, तिथे ते फोफावतात."

"लहानपणी लस घेतली होती त्यांनी."

"लहानपणीचा सदरा आज बसतो का तुम्हाला? लहानपणचे डोस पूर्ण झाले असले, तरी दर दहा वर्षांनी एक घ्यायचा. अशी खोल, मातीची जखम झाली आणि शेवटच्या डोसला पाच वर्षं उलटली असतील, तर लगेच यायचं. जबडा बसल्यावर नाही!"

मला आजही संताप येतो. दवाखाना साठ पावलांवर होता. पडद्याचा निळा रंग जुळेना म्हणून तीन-तीन तास भांडणारे आम्ही, एका माणसाच्या टाचेसाठी तीन मिनिटं काढू शकलो नाही. अडाणी होतो म्हणावं, तर चारचौघांत मिरवायचो शहाणे म्हणून. एकट्या वहिनी बरोबर बोलल्या होत्या, आणि त्यांनाच आम्ही हसण्यावारी नेलं.

काका वाचले. शेजारच्या खाटेवरचा माळी वाचला नाही. त्याला तर फक्त काटा लागला होता.

घरी सोडायच्या दिवशी नर्स लसीचा पुढचा डोस घेऊन आली. मॅनेजर म्हणालाच, "आता कशाला? एकदा होऊन गेला की!"

"एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही, असं या आजारात नसतं," नर्स म्हणाली. "लस घ्यावीच लागते."

काकांनी मुकाट्याने बाही वर केली. सुई टोचून झाल्यावर त्यांनी मॅनेजरकडे आणि माझ्याकडे बोट दाखवलं. आवाज अजून घोगरा होता.

"या दोघांना विचारा, शेवटची कधी घेतलीय."

आम्हाला आठवेना. मी खुर्चीत बसले, दंड पुढे केला आणि तोंड फिरवलं.

"बाई," काका हळूच म्हणाले, "सुईला घाबरली ती नटी कसली!"

मॅनेजर खो खो हसला, नर्सही हसली. वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या जागी मी असते, तर मीही हसले नसते.