टाळ्यांचा हंगाम

त्या वर्षी चेंडू उंच गेला की वाटायचं, माझ्याकडे येऊ नये. खरं तर उंच चेंडू ही माझी आवडती गोष्ट. शाळा नववीतच सुटली, पण तिथल्या मैदानावर शिकलेला बेसबॉल सुटला नाही, आणि त्याच्याच जोरावर मी खानदेशातून इंदूरला आलो. पोलोग्राउंड या कारखान्यांच्या भागातल्या एका वर्कशॉपची टीम होती. टीमचे कॅप्टन तिथेच लेथ मशीनवर कामाला. त्यांनी मला खेळताना पाहिलं, वर्कशॉपच्या मालकांकडे, सेठजींकडे शब्द टाकला, काम लावून दिलं, वर राजेंद्र नगरातल्या आपल्या घराची गच्चीवरची खोलीही दिली. मी त्यांना दादा म्हणतो. तापाने फणफणलो तेव्हा वहिनींनी उशाशी बसून पेज पाजली होती. हे सगळं टीममुळे. टीम बंद झाली तर काम जाणार, खोली जाणार, आणि मी परत गावी.

आणि आम्ही हरत होतो.

टीम वाईट नव्हती, हेच तर दुखणं. आमच्या पिचरने फेकलेला चेंडू दिसायचा नाही, नुसता ग्लोव्हमध्ये वाजायचा. "भिया, इत्ता टैलेंट है अपन में, हार कैसे रिये हैं?" असं जो तो विचारायचा.

सुरुवात पहिल्याच मॅचला झाली. दोघांच्या मधे एक सोपा कॅच पडला. पिचरने दोघांना अशा शिव्या घातल्या की त्यातला एक रडतच घरी गेला. दादांना ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी पोह्यांच्या ठेल्यावर त्यांनी नियम केला : "आजपासून मैदानावर कोणी कोणाला बोलायचं नाही. बिल्कुल नाही. गलती झाली ना, तर ताली वाजवायची. समझले?"

नियम चांगल्या मनाने केलेला होता. पण शिव्यांबरोबर बाकीचंही बोलणं बंद पडलं. 'इकडे फेक', 'मागे हो', 'माझा' हे ओरडल्याशिवाय हा खेळ चालत नाही. आमच्या मैदानावर फक्त टाळ्या. चूक व्हायची आणि सगळीकडून टप्, टप्. शिवी दिली की राग निघून जातो. टाळीतून तो जात नाही. समोरची टीम म्हणायची, "श्मशान में खेल रिये हो क्या, भिया?"

मी मैदानाच्या मागच्या भागात, मधोमध उभा राहायचो. माझ्या डावीकडे दादा. दोघांच्या मधे चेंडू आला तर मधल्याने, म्हणजे मी, 'माझा' ओरडायचं, दुसऱ्याने बाजूला व्हायचं. पण ज्यांच्या घरी जेवतो त्यांना 'माझा' कसं म्हणायचं? एकदा तसाच चेंडू आला. मी दादांसाठी थांबलो, दादा माझ्यासाठी. चेंडू मधल्या गवतात पडला. दादांनी माझ्याकडे बघून टाळी वाजवली. त्या दिवशी वहिनींनी ताटात डाळीबरोबर तुपात बुडवलेले दोन बाफले वाढले. मी दोन्ही परत भांड्यात ठेवले.

शेवटच्या मॅचला सेठजी स्वतः आले. "आज देख लेता हूँ. टीम रखनी कि नहीं, फिर सोचेंगे," एवढंच बोलून सावलीत खुर्चीवर बसले.

शेवटच्या डावात आम्ही एका रनने पुढे होतो. त्यांचा एकच खेळाडू बाद करायचा उरला होता, पण दोन जण रनसाठी टपून उभे. पिचर घामाने निथळत होता. मग चेंडू उडाला. नेमका दादांच्या आणि माझ्या मधे. मी धावलो. डोळ्याच्या कोपऱ्यातून दादा येताना दिसले. त्यांची पावलं तशीच मंदावली, त्या दिवशीसारखी. माझीही मंदावणार होती.

"माझा!"

आवाज फाटलाच. दादा थबकले नाहीत, परत पुढे आले. त्यांना खरं वाटलं नसावं.

"माझा! दादा, हट!"

त्यांचा खांदा माझ्या बरगड्यांवर आदळला. दोघंही आडवे. चेंडू ग्लोव्हमध्ये होता, मी तो उघडून दोनदा पाहिला.

"घरमालकाला हट म्हणतो!" दादा गवतात पडूनच हसत होते. "आजपासून भाडं घेईन बरं का तुझ्याकडून."

पिचर धावत आला आणि त्याने मला एक सणसणीत शिवी हासडली. पहिल्या मॅचनंतरची ही पहिलीच. मग सगळेच एकदम बोलायला लागले, कोणाचं कोणाला ऐकू जाईना.

एकच मॅच जिंकली होती, तक्त्यात आम्ही तळालाच. मी बरगडी धरून सेठजींच्या तोंडाकडे बघत होतो. ते उठले, माझा ग्लोव्ह हातात घेऊन उलटासुलटा केला.

"इसकी डोरी तो टूट रही है," ते दादांना म्हणाले. "मोची से सिलवा लो. नहीं तो अगले साल के मैच तक नहीं चलेगी."