पार्से ते पेडणे, डबलसीट

वासू आज सकाळी गेला. आणि सायकल कोण मारत होता, हे सांगणारं आता कुणी उरलं नाही.

गोंधळलोय. सांभाळून घ्या.

वासू माझा शाळासोबती, आमच्या पार्सेचाच. एस.एस.सी.चं सेंटर पेडण्याला होतं. बस चुकली की पेपर गेला, म्हणून दोघांत मिळून भाड्याची एक सायकल.

मला ताप होता. वासूने मला कॅरियरवर बसवून रोज नेलं, आणलं. मी मागून मराठीच्या पेपरातल्या कविता म्हणायचो.

"म्हणत राव रे तू. पायांक ताल गावता," तो म्हणायचा. पायांना ताल मिळतो म्हणे.

पन्नासेक वर्षं ही गोष्ट सांगत आलो. नातवंडांना, वर्गातल्या पोरांना. मास्तर झालो तो त्या कॅरियरमुळे.

जिवंतपणी आभार मानले नाहीत. आज चार लोकांत मानायचे ठरवून धारगळला गेलो, तो पुढे राहायला गेला त्या घरी.

मी तोंड उघडायच्या आधीच वहिनी लोकांना सांगू लागल्या,
"हेच ते मास्तर. आमचे हे सदांच सांगत, पाय मुरगळलेलो, मास्तरान माका सायकलीवरसून व्हेल्यान, म्हणून परीक्षा झाली."

"वहिनी, उलटं. तो मारायचा, मी मागे."

"मोठेपणा दिवक नाका. कविता पण ते तुमच्यासारकीच म्हणत."

आणि तो म्हणायचा तशाच त्यांनी दोन ओळी म्हणून दाखवल्या.
भलत्याच ठिकाणी थांबत. शब्दाच्या मध्येच श्वास तोडत.

कवितेची यती तिथे नाही. मी अशी कधीच म्हणत नाही.

चढावर धापा टाकत सायकल मारणारा मात्र तशीच म्हणेल.

म्हणजे मी मारत होतो, आणि तो मागून ऐकत होता?
मग माझ्या कपाळाला लागायची ती घामाने भिजलेली पाठ कुणाची?
ताप तरी नक्की मलाच होता ना?

बोलायला उभा राहिलोच नाही. त्याची गोष्ट त्याच्याच दारात खोटी कशी पाडू? आणि खरी म्हणून मिरवू तरी कशी?

वासू, त्या रस्त्यावर आपण दोघेच होतो रे. इतक्या वर्षांत हा विषय एकदाही निघू नये? भेटलो की नुसते गुडघे आणि मासळीबाजारातले बांगड्यांचे भाव.

तू मला नेलं असशील, तर आभार घे.
मी नेलं असेन, तरी घे. मागे बसून तू सगळं ऐकलंस, आणि घरी जाऊन म्हणत राहिलास.

हात जोडतो, मित्रा. सावकाश जा.