पाटीला कंपनी मिळाली

लिफ्ट बनवणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे कॉमाबाई म्हणत. हे नाव पडलं नोकरीच्या पहिल्याच वर्षी. एका इस्पितळातली नवी लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबायलाच तयार नव्हती. चार इंजिनियर दोन दिवस तारा उपसत बसले होते. हिनं प्रोग्रॅमचे कागद मागून घेतले आणि अर्ध्या तासात सांगितलं, की सगळं ठीक आहे, फक्त एक कॉमा भलतीकडे पडलाय. तेव्हापासून ती कॉमाबाई. पुढे तिचे केस पिकले, चष्मा जाड झाला, पण नाव काही बदललं नाही.

त्या कॉमानंच तिला पाटीकडे नेलं. पाटी ही संगणकाची भाषा. अशा भाषा शेकड्यांनी आहेत, त्यातल्या दहा-बारा जगभर चालतात आणि बाकीच्यांना कुत्रंही विचारत नाही. पाटी त्या बाकीच्यांतली. ती तयार केली होती तिच्याच तंत्रशाळेतल्या गणिताच्या सरांनी, घरच्या जेवणाच्या टेबलावर, सुट्ट्यांमध्ये. पाटीत सुरुवातीलाच एकदा लिहून ठेवायचं: दार उघडं असताना मोटर फिरता कामा नये. मग खाली दहा हजार ओळी लिहा, त्यातली एक जरी ओळ हा नियम मोडू शकत असेल, तरी पाटी प्रोग्रॅम चालूच देत नसे. चूक झाल्यावर बोंब मारणाऱ्या भाषा पुष्कळ होत्या. ही आधीच हात धरायची.

कॉमाबाईनं हळूहळू कंपनीतल्या सगळ्या लिफ्टचं काम पाटीत आणलं. वीस वर्षं कुणाची तक्रार नव्हती, त्यामुळे कुणाला पाटीचं नावही माहीत नव्हतं. मग नवे साहेब आले. वयानं तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, बोलायला गोड.

"बाई, ही भाषा येणारी माणसं मला बाजारात मिळत नाहीत," ते म्हणाले. "उद्या तुम्ही आजारी पडलात, तर चार हजार लिफ्ट मी कुणाच्या भरवशावर सोडू?"

बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच झोंबलं. साहेबांनी सगळं चलतीच्या भाषेत नव्यानं लिहायला घेतलं. कॉमाबाईनं मनाशी ठरवलं, की कंपनीनं पाटीला रीतसर आपलं म्हणायला हवं. माणसं द्यावीत, शिकवणी द्यावी, सरांना मदत द्यावी. एकट्या बाईच्या जोरावर भाषा तगत नाही.

त्यात तिचं दीड वर्ष गेलं. पहिल्या बैठकीत एक संचालक दुसऱ्याच कागदांवर सह्या करत बसले होते. दुसऱ्या बैठकीत तिला शेवटची दहा मिनिटं मिळाली. लोक म्हणत, शिकायला अवघड असेल. तिनं दुरुस्ती खात्यातले दोन फिटर घेतले. आयुष्यात कधी प्रोग्रॅम न लिहिलेल्या त्या माणसांना तिनं अकरा दिवसांत पाटी शिकवली आणि त्यांनाच बैठकीत उभं केलं. त्यातला एक इतका घाबरला, की पाटीऐवजी आपल्या पान्यांबद्दलच बोलला. तरी लोक ऐकायला लागले.

"तुझी ही सवत कधी जायची घरातून?" नवरा चेष्टेनं विचारी. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावून तो घरी यायचा, तर इथेही अक्षरंच पसरलेली.

"गेली की तुलाच करमणार नाही," ती म्हणे.

निकाल लागला तो कारखान्यामागच्या चाचणीच्या मनोऱ्यात. साहेबांचा नवा प्रोग्रॅम घातलेली लिफ्ट वाळूची पोती घेऊन आठवडाभर वर-खाली करत होती. सहाव्या दिवशी ती चौथ्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, आणि दार उघडं असतानाच वीतभर वर सरकली. कुणी आत नव्हतं, कुणाला काही झालं नाही. कॉमाबाईनं तेच सगळं पाटीत उतरवून दाखवलं. पाटीनं ती नेमकी ओळ दाखवली आणि पुढे जायला नकार दिला.

थोरले मालक स्वतः मनोऱ्यात चढून आले. फिटर म्हणून सुरुवात करून त्यांनी कंपनी उभी केली होती. लिफ्टचा तळ आणि मजल्याची कड यांच्यामध्ये पडलेल्या फटीत त्यांनी आपला हात घालून पाहिला. मग बाहेर काढून तळव्याकडे पाहत म्हणाले, "बाईंचं खरं आहे. काय लागेल ते द्या त्यांना."

त्या दिवशी ती घरी चालत गेली. बस पकडायचं तिला सुचलंच नाही.

मग कंपनीच्या वकीलबाई आल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. कंपनी एवढी ताकद लावणार, तर भाषा कंपनीच्या मालकीची हवी. सर पाटी कुणालाही फुकट देत आले होते, पण कशाचीच काही लिखापढी नव्हती. "उद्या त्यांच्या मागे कुणी भाचा-पुतण्या उभा राहिला, तर?" वकीलबाई म्हणाल्या. नाव, हक्क, सगळं लिहून हवं होतं. आणि सरांकडे जायला कॉमाबाईशिवाय दुसरं कोण होतं?

सर दोन खोल्यांच्या घरात राहत. जेवणाचं टेबल तेच होतं. कागद त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"तू वाचलंस?" त्यांनी विचारलं.

"वाचलं, सर."

"आणि त्यांना कंटाळा आला तर?"

"सहा माणसं देतायत, सर. वेगळी खोली देतायत. तुम्ही आता एकटे किती दिवस लोकांच्या पत्रांना उत्तरं लिहिणार?"

आतून काकू म्हणाल्या, "मी हेच सांगते गेली दहा वर्षं. डोळे गेले त्यांचे त्या पाटीपायी."

सर हसले. "तुम्ही दोघी मिळून मला निवृत्त करायला निघालात." मग म्हणाले, "तू आहेस म्हणून करतोय हो. कंपनीला मी ओळखत नाही." आणि त्यांनी सही केली. पेन कॉमाबाईचंच होतं.

पहिली दोन वर्षं चांगली गेली, हे कबूल करायला हवं. सहा तरुण मुलं-मुली आली. पाटीवर पुस्तक निघालं. पाणीपुरवठ्याचे पंप चालवणारे लोक, सिग्नलवाले, कुठले कुठले जुने वापरणारे भेटायला आले आणि सरांना पहिल्या रांगेत बसवलं गेलं. सरांनी भाषण केलं नाही. नुसते उभे राहिले आणि पुन्हा बसले.

तिसऱ्या वर्षी थोरल्या मालकांनी कंपनी विकली. मुलांना लिफ्टमध्ये रस नव्हता. घेणारी कंपनी दहापट मोठी होती आणि तिचा नियम होता, सगळ्या कारखान्यांत एकच भाषा. ती अर्थातच पाटी नव्हती. साहेबांना बढती मिळाली. सहा जणांपैकी चौघं महिन्याभरात दुसरीकडे गेली, दोघांना दुसरं काम मिळालं.

"निदान पाटी सरांना परत द्या," ती साहेबांना म्हणाली. "तुम्हाला नकोच आहे ना?"

"बाई, नको असलेली वस्तूही मालमत्ताच असते," ते म्हणाले, आणि म्हणताना त्यांना वाईट वाटत होतं, निदान तसं दिसत होतं. "आणि एक विनंती आहे. सगळं नव्या भाषेत उतरवायचंय. पाटी तुमच्याइतकी कुणाला कळते? तुम्ही नाही केलं, तर दुसरा कुणीतरी करेल. कसं करेल, ते तुम्हीच मनोऱ्यात पाहिलंय."

घरी नवरा म्हणाला, "सोड नोकरी." तिला चार हजार लिफ्ट दिसत होत्या, त्यांतून वर-खाली करणारी माणसं दिसत होती. ती राहिली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पाटी जी तपासणी चुटकीसरशी करायची, ती कॉमाबाई आता डोळ्यांनी करू लागली, एकेक ओळ बोटाखाली धरून.

त्याच सुमारास तिला वकीलबाईंच्या खात्याकडून एक ओळीचं पत्र आलं. सोबतच्या प्रोग्रॅममध्ये कंपनीच्या मालकीचा भाग आहे का? तिनं पाहिलं. होता. तिनं 'होय' लिहून पाठवलं आणि कामाला लागली.

पंपवाल्यांच्या पाटीत एक चूक निघाली होती. त्यांनी जुन्या सवयीनं सरांना लिहिलं, सरांनीही जुन्या सवयीनं दुरुस्त करून दिली. कॉमाबाईकडे तपासायला आलेला प्रोग्रॅम तोच होता. त्याबद्दल सरांना कंपनीची नोटीस गेली. नोटिशीखाली, तांत्रिक माहितीसाठी संपर्क म्हणून, कॉमाबाईचं नाव होतं.

पंपवाल्यांकडून हे तिला कळलं तेव्हा आठवडा उलटून गेला होता. ती तडक सरांकडे गेली. काकूंनी दार उघडलं, पण बाजूला झाल्या नाहीत. आतून सरच बाहेर आले.

"सर, मला माहीत नव्हतं ते कशासाठी विचारतायत."

"असेल," सर म्हणाले. "तुम्ही उन्हातून आलात. पाणी घ्या."

तीस वर्षांत त्यांनी तिला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. काकूंनी पाणी आणलं. ते तिनं दारातच उभ्यानं प्यायलं, भांडं परत दिलं. सर म्हणाले, "मी काढून टाकलंय सगळं. तुमच्या ऑफिसात तसं कळवा." आणि आत गेले.

पुढच्या वर्षी सर गेले. तिला तिसऱ्या दिवशी समजलं, तेही त्या पान्यांवाल्या फिटरकडून.

शेवटची लिफ्ट नव्या भाषेत गेली तेव्हा तिच्या टेबलावर एक फॉर्म आला. प्रकल्प बंद करण्याचं कारण म्हणून चार पर्याय छापले होते आणि एकावर खूण करायची होती. तिनं चारही वाचले. खरं कारण त्यात नव्हतं, आणि खालच्या मोकळ्या ओळीवर लिहायचं म्हटलं तर तिचंच नाव आधी लिहावं लागलं असतं. तिनं 'वापरणारे कुणी उरले नाहीत' यावर खूण केली, सही केली आणि फॉर्म साहेबांच्या ट्रेमध्ये नेऊन ठेवला.