विमलकाकूंचा हात

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टरच उडवत आले आहे. घरात कुणी मुंजा-हडळ सुरू केलं की मी उठून सरळ चहा टाकायला जाते. म्हणून हे लिहिताना माझाच मला राग येतोय... पण माझ्या हाताला जे कळलं ते कळलं.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. लकवा मारलेल्या, डोक्याला मार लागलेल्या मोठ्या माणसांना जेवणं, बटण लावणं, आंघोळ करणं पुन्हा शिकवायचं, हे माझं काम. राहते यवतमाळला, आणि बाभुळगावच्या बाजूच्या गावांमध्ये घरोघरी जाऊन पेशंट बघते.

नामदेवकाका त्यातलेच. शिलाईचं दुकान होतं. लकव्याने उजवा हात पार लुळा, बोलणंही अडखळत. मी म्हटलं, काका, उजवा सुधारेपर्यंत डाव्या हाताने जेवा. झालं! "डाव्या हातानं? त्या हातानं... कोनी... जेवते का?" म्हणून ताटच ढकलून दिलं. आपल्याकडे हे नेहमीचंच, पुस्तकात मात्र कुठे लिहिलेलं नसतं. बायको, विमलकाकू, घास भरवायच्या. त्यांना एकच घोर — "मॅडम, माह्या छातीत कळा येतात. मी गेल्यावर याईले कोन चारन?"

मग मी त्यांना हातावर हात ठेवायला शिकवलं. पेशंटच्या मागे बसायचं, त्याच्या लुळ्या हातावर आपला हात ठेवायचा आणि दोघांनी मिळून चमचा तोंडाशी न्यायचा. हात शिकत जातो तसा आपला जोर कमी करायचा. काकू पडल्या घाईच्या. मध्येच सोडायच्या, की वरण काकांच्या सदऱ्यावर. एकदा मी वैतागले. "काकू, मी सांगेपर्यंत हात सोडायचा नाही म्हणजे नाही!"

"नाही सोडत बाप्पा!" म्हणाल्या आणि हसायला लागल्या.

पुढे सासूबाईंच्या ऑपरेशनमुळे मला दोनेक महिने नागपूरला राहावं लागलं. परत आल्यावर एका दुपारी काकांकडे गेले. दार उघडंच होतं. काका खाटेवर बसून जेवत होते — उजव्या हाताने! चमचा ताटातून वर, तोंडात, परत खाली. शीतही सांडत नव्हतं. मी ओरडलेच, "काकू, अहो काकू, बघा तरी! जिंकलो आपण!"

आतून त्यांची मुलगी वर्षा आली. "मॅडम, आई गेली ना... अटॅकनं. महिना होऊन गेला."

मी पुढे होऊन काकांचा हात तपासला. उचलून सोडला, तर धप्पकन मांडीवर पडला. बोटांत पकड नाही, मनगटात जीव नाही. असा हात रिकामा चमचासुद्धा उचलू शकत नाही. हे माझं रोजचं काम आहे हो, यात मी चुकत नाही.

"परत एक घास घ्या बरं काका," म्हणत मी मागे बसले आणि त्यांच्या हातावर हात ठेवला. हात वर निघाला... आणि माझ्या तळव्याखाली काकांचा हात नव्हता. म्हणजे होता, पण त्याच्याही खाली. मध्ये आणखी एक हात होता. खरबरीत, गार. काचेच्या बांगड्या माझ्या मनगटाला रुतल्या. डोळ्यांना मात्र काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी किंचाळून हात ओढून घेतला.

वर्षा रडायला लागली. "पिंडाले कावळा शिवला नाही, मॅडम. बाबाले मी सांभाळतो म्हनलं, सारं कबूल केलं, पन कावळा झाडावरून हालेच ना. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. आता मी चारतो म्हनलं तं बाबा दात आवळून बसतात. आई अडकली इथंच. तुमचंच आयकन थे. तुमीच म्हना ना तिले, सोड आता."

खरं सांगते, म्हणणारच होते मी. बाई मेली तरी तिचं राबणं सुटलं नव्हतं. पण तो हात सुटला तर हा माणूस उपाशी मरणार, हेही समोर दिसत होतं. मी काकांकडे बघितलं. त्यांना सगळं समजलं होतं.

"नका... सांगू."

"काका, सुटू द्या ना त्यांना."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. एकेक शब्द ओढून काढत म्हणाले, "मी... जेवलो का मंग... थे जेवते. जिंदगीभर... तसंच. मी उपाशी... तं थे बी..."

चमचा परत भातात गेला.

ओळखीच्या मेंदूच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, स्नायूंचा ताण असेल, भावनेच्या भरात हालचाल होते कधी कधी, शिवाय तू दमली आहेस. असेल. पण मग माझ्या मनगटाला रुतल्या त्या बांगड्या कुणाच्या? वर्षाचा फोन येतो, "मॅडम, कवा येता?" मी म्हणते, पुढच्या आठवड्यात. अजून गेलेली नाही. मी तोंड उघडलं तर काकांचं वाटोळं, गप्प राहिले तर काकूंचं... आणि कुणाचं करायचं, हे मला ठरवता येत नाही.