आमच्या साडूंचे रंधे

माणसाच्या सहनशक्तीची परीक्षा पाहायला देवाने दुखणी, पाहुणे आणि शाळातपासनीस निर्माण केले असं लोक म्हणतात. पण असं म्हणणाऱ्यांना माझ्या थोरल्या साडूंनी कधी जुना रंधा दाखवला नसावा. साडू हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनात कारकून. सुतारकामाशी त्यांच्या सात पिढ्यांचा संबंध नव्हता, आणि स्वतःच्या हाताने त्यांनी आयुष्यात साधा पाटही केला नाही. पण कुणी टाकून दिलेला रंधा दिसला की या माणसाचं भान सुटायचं. भर बाजारात भंगारवाल्यापुढे उकिडवे बसून ते एकेक रंधा उचलत, एक डोळा मिटून त्याच्या तळावरून उजेड पाहत, तोंडाजवळ भेग आहे का म्हणून नखाने चाचपत आणि पातं उपसून त्याच्या पाठीला थुंकी लावून चोळत. "वरून गंजला असन तं चालते, मास्तर. पाठीले खड्डे पडले असन तं सोडून द्या. माणसाचंबी तसंच हाय." हे तत्त्वज्ञान ते मला उन्हात उभं करून ऐकवत, आणि माझ्या पिशवीतली मेथी तोवर माना टाके.

माझ्या पुतणीसाठी देवळीकडचं स्थळ पाहायला गेलो तेव्हा पोह्यांच्या वेळी साडू बेपत्ता. शोधलं तर मुलाकडच्यांच्या गोठ्यात, कडब्यामागे, हातात एक लाकडी रंधा. बैठकीत येऊन त्यांनी जाहीर केलं, "पोराचं मले काई समजत नाई. पण याइच्या आज्यानं रंध्याले तेल लावून ठेवलं हाय. घर चांगलं हाय." एवढ्यावर लग्न ठरलं. संसार उत्तम झाला, आणि त्यामुळे साडूंना नावं ठेवायची सोय कायमची गेली ती गेलीच.

आणलेला रंधा आधी रॉकेलात भिजे, मग चिंचेच्या कोळात, मग विटकरीच्या भुकटीने त्याची अंघोळ होई. शेवटी तळ सपाट करायचा, तो काचेवर पॉलिशपेपर अंथरून. "काचेइतकं सरळ घरात काईच नसते," असं म्हणत त्यांनी आमच्या लग्नाच्या फोटोची काच काढून नेली. त्यानंतर माझ्या बायकोच्या फोटोतल्या नाकावर माश्या बसू लागल्या, पण तिचे ते सख्खे भाऊजी, तेव्हा बोलायचं कुणी?

पण खरा कहर झाला तो आमच्या घराच्या वेळी. आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात जाणार अशी बोलणी चालली होती, त्या दिवसांत मी सिंदीला दोन खोल्या बांधल्या. माझ्या आईचा जन्म भाड्याच्या घरांत गेला होता. कडी वाजली तरी घरमालकीण ओरडायची. "मले काई नको," आई म्हणाली, "दसऱ्याले माह्या घरात जाईन अन् माह्या हातानं आतून कडी लावीन." हिंगणीच्या म्हाताऱ्या सुताराने सागवानी दार केलं. ते बिजागऱ्यांवर चढलं, पण पावसाने फुगलेलं, चौकटीत बसेना. सूतभर कड रंधली की काम संपत होतं. सुताराने रंधा काढला आणि नेमके साडू आले.

"हा रंधा? तोंड पाहा याचं, केवढं फाकलं! उलट्या रेषेचं सागवान हाय, चिरफाळ्या निघतीन. तीन दिवस द्या, मी जिनातल्या साहेबाच्या बंगल्यावरचा लोखंडी रंधा तयार करून आणतो." सुतार भला माणूस, थांबला. मी मूर्ख, मीही थांबलो. तीन दिवसांचे आठ झाले. साडू रंधा घेऊन उगवले ते खांडेनवमीला सकाळी, आणि तोवर सुताराने आपली सगळी हत्यारं पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं होतं.

"आज हात लागत नाई हत्याराले," सुतार म्हणाला. "उद्या पूजा उचलल्यावर."

उद्या सकाळी नऊला गृहप्रवेश! मग मात्र माझा तोल गेला. चार माणसांदेखत मी साडूंना म्हणालो, "तुम्हाला ना मूल ना बाळ, म्हणून लोखंड कुरवाळत बसता. तुमच्या नादापायी माझ्या आईचं दार राहिलं." साडूंनी आपला रंधा सुताराच्या पाटावर शेवटी ठेवला, त्याला कुंकू लावलं आणि निघून गेले.

दसऱ्याला उजाडताच मी घराशी गेलो तर साडू दारात बसलेले. सुताराने पूजा उचलली आणि साडूंनी, जे मला कधी पात्याला बोट लावू देत नसत, रंधा त्याच्या हातात दिला. पहिल्याच हाताला दाराच्या लांबीचा अखंड छिलका निघाला, कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ. सुतार थांबून रंध्याकडे पाहतच राहिला. अर्ध्या तासात दार बसलं.

आई आत गेली, दार लोटलं आणि कडी घातली. आम्ही सगळे बाहेर, हातात कलश, आणि भटजी मुहूर्त चालला म्हणून घायकुतीला आलेले. मी दार ठोठावणार तोच साडूंनी माझा हात धरला. "लावू द्या मायले. पयल्यांदाच लावून राह्यली." बऱ्याच वेळाने कडी निघाली. आईचे डोळे लाल होते. मला बाजूला सारून ती साडूंना म्हणाली, "तू ये गा बाबू आधी."

आता आई नाही, साडूही नाहीत. त्या बोलण्याची माफी मागेन मागेन म्हणत राहिलो, आणि ते असे की भेटले की मला तोंड उघडू न देता रंध्यांवरच बोलत सुटायचे. ते मुद्दाम तसं करत हे फार उशिरा माझ्या लक्षात आलं. दाराची कडी अजून एका बोटाने लागते. रोज संध्याकाळी ती लावतो आणि थोडा वेळ दाराशीच उभा राहतो.